‘हजेरी’ नावाचा सिस्टिम कॉल: लॅबच्या प्रकल्प नोंदी

१२ जुलै २०२५, शनिवार

तिसऱ्या वर्षाच्या ऑपरेटिंग सिस्टिम प्रॅक्टिकलला यंदा एक नवा प्रयोग घालायचाय: कर्नलमध्ये, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यात, नवा सिस्टिम कॉल घालायचा, म्हणजे प्रोग्रॅमनं कर्नलकडे काम मागायची एक ठरलेली वाट. विभागप्रमुख मॅडमनी तो माझ्याकडे ढकलला, कारण लॅब माझ्या ताब्यात आहे आणि मशीन बसलं की मुलं माझ्याच नावानं शंख करतात. गणपती उठले की पहिली बॅच बसवायची. या नोंदी माझ्यासाठी, आणि माझ्यानंतर ही लॅब ज्याच्या गळ्यात पडेल त्याच्यासाठी.

आजवर आपण एक्सव्ही६ वर भागवलं. एमआयटीनं २००६ साली शिकवण्यासाठी लिहिलेला, युनिक्सच्या सहाव्या आवृत्तीवर बेतलेला हा छोटासा कर्नल. त्यात २१ सिस्टिम कॉल आहेत, बाविसावा आपण घालायचा, चार-पाच फायलींत एकेक ओळ लिहायची. प्रयोग वाईट नाही. पण त्या ओळी आता सीनियर्सच्या जर्नलमधून इतक्या फिरल्यात की कर्नल न उघडताही पूर्ण मार्क मिळतात.

दुसरा पर्याय म्हणजे लिनक्समध्ये ‘हॅलो वर्ल्ड’ छापणारा कॉल. नेटवर त्याचा नुसता खच पडलाय. मला तो प्रयोग पटत नाही. तो कॉल काही घेत नाही, काही देत नाही आणि कधी फसतही नाही. मुलं दोन तास कर्नल बिल्ड होताना बघतात, शेवटी डीमेसेजमध्ये (कर्नलच्या संदेशांत) एक ओळ दिसते आणि टाळ्या. हा बिल्ड करण्याचा सराव झाला. सिस्टिम कॉलमध्ये खरी डोकेदुखी आहे ती बाहेरून आलेल्या पॉइंटरची (मेमरीतल्या पत्त्याची), चुकीच्या आर्ग्युमेंटला काय उत्तर द्यायचं त्याची, आणि कॉलच्या नंबरची.

म्हणून ‘हजेरी’. हा कॉल एक पीआयडी (चालू प्रोग्रॅमचा, म्हणजे प्रोसेसचा क्रमांक) घेईल आणि ती प्रोसेस किती वेळा आपणहून प्रोसेसर सोडून गेली, किती वेळा शेड्यूलरनं (प्रोसेसर कोणाला कधी द्यायचा ते ठरवणाऱ्यानं) तिला हुसकावलं, आणि तिला किती मायनर-मेजर पेज फॉल्ट (मेमरीचं हवं ते पान जागेवर नसणं; डिस्कवरून आणावं लागलं तर मेजर) पडले, हे चार आकडे देईल. चारही आकडे टास्क_स्ट्रक्टमध्ये (प्रत्येक टास्कच्या नोंदीत) कर्नल आधीपासूनच ठेवतो, आपल्याला मोजायचं काही नाही. गेटआरयूसेज हा आधीचा कॉल हेच देतो, पण फक्त स्वतःचं किंवा स्वतःच्या पोरांचं. दुसऱ्याचं हवं असेल तर प्रॉकमधली (कर्नल प्रोसेसची माहिती फायलींच्या रूपात दाखवतो तो फोल्डर) फाइल उघडा, वाचा, मजकुरातून आकडे वेचा.

१३ जुलै, रविवार

मेगाब्लॉक, त्यामुळे घरूनच.

लॅबच्या मशीनवर नवा कर्नल थेट बसवायचा नाही, हे आधी ठरवून टाकलं. मुलांच्या हाती रूट पासवर्ड आणि ग्रब (बूट मेनू) दिलं की पुढचा आठवडा मी पेन ड्राइव्ह घेऊन टेबलाटेबलांवर फिरत बसणार. सगळं क्यूईएमयूमध्ये, म्हणजे सॉफ्टवेअरनं उभ्या केलेल्या मशीनमध्ये. बिझीबॉक्स (रोजच्या कमांडचा छोटा संच) स्टॅटिक बिल्ड करून त्याचा छोटा इनिटरॅमएफएस (बूट होताना मेमरीत उघडणारी फाइल सिस्टिम), आणि कर्नलची बीझेडइमेज (बूट होणारी फाइल) थेट कमांड लाइनवर. असा कर्नल काही सेकंदांत उठतो आणि पॅनिक झाला (कोलमडला) तरी खिडकी बंद करून पुन्हा सुरू.

पुढच्याला उपयोगी पडतील अशा बारीकसारीक गोष्टी: इनिटरॅमएफएसचा सीपीआयओ संग्रह ‘न्यूसी’ प्रकारात बांधायचा, सीपीआयओचा डीफॉल्ट प्रकार कर्नल वाचत नाही. इनिट स्क्रिप्टला एक्झिक्यूट परवानगी द्यायची. ‘नोग्राफिक’ लावून चालवलं तर बाहेर पडायला कंट्रोल-ए आणि मग एक्स, हे पत्रकावर मोठ्या अक्षरात छापायचं, नाहीतर मुलं अख्खं टर्मिनल मारतात.

कॉन्फिग (कर्नलमध्ये काय काय घ्यायचं त्याची यादी) उबंटूचा उचलायचा नाही. त्यात सर्टिफिकेटच्या एका पेम फाइलचा पत्ता आहे. ती फाइल आपल्याकडे नसते आणि बिल्ड मध्येच ‘नो रूल टू मेक टार्गेट’ म्हणून थांबतो. शिवाय त्यात जगातली सगळी ड्रायव्हर आहेत, डिबग माहितीसकट डिस्क हां हां म्हणता भरते. डिफकॉन्फिग (कर्नलसोबत येणारा मूळ कॉन्फिग) आणि त्यावर केव्हीएम_गेस्टची (आभासी मशीनसाठीची) जोड पुरे. फ्लेक्स, बायसन, बीसी, लिबएल्फ आणि ओपनएसएसएलच्या डेव्हलपमेंट फायली एवढं आधी टाकून ठेवायचं.

सोर्स लिनक्स ६.१२, लाँगटर्म (दीर्घकाळ दुरुस्त्या मिळणारी) शाखा.

१६ जुलै, बुधवार

लॅमिंग्टन रोडला जाऊन आलो. आठ जीबीच्या मशीनना आणखी आठची जोड हवी होती. मुलं ब्राउझरच्या तीस टॅब उघड्या ठेवून कर्नल लिंक करतात, त्याला इलाज नाही. दुकानदारानं पहिल्यांदा डीडीआर४ पुढे केली. “साहेब, डीडीआर३ आता कोण वापरतं?” म्हटलं, आम्ही. सेकंडहँड मिळाली, एक महिन्याची तोंडी वॉरंटी.

१९ जुलै, शनिवार

सोबतीला दोन विद्यार्थी घेतलेत, शेवटच्या वर्षाचे. एक मुलगी विरारहून येते, एक मुलगा लालबागचा. प्रयोग आधी त्यांच्यावर.

आज टेबल, म्हणजे सिस्टिम कॉलच्या नंबरांची यादी. आर्च/एक्स८६/एन्ट्री/सिसकॉल्स या फोल्डरात ‘सिसकॉल_६४.टीबीएल’ आहे. साधी मजकुराची फाइल. ओळीत आधी नंबर, मग एबीआय (कोणत्या प्रकारच्या प्रोग्रॅमसाठी), मग नाव, मग फंक्शन. ६.१२ मध्ये शेवटचा नंबर ४६२, तो एमसील या कॉलचा. आम्ही ४६३ घेतला. हे मी जाणूनबुजून केलंय. का ते मुलांना ऑगस्टमध्ये दाखवणार आहे, तोवर या विषयावर गप्प.

त्याच फाइलमध्ये खाली ५१२ ते ५४७ हा पट्टा जुन्या एक्स३२ साठी (६४ बिटांच्या प्रोसेसरवर ३२ बिटांचे पत्ते वापरणारे प्रोग्रॅम) अडवलेला आहे. त्याला हात लावायचा नाही.

जिथे बदल करायचे त्या उरलेल्या फायली: इन्क्लूड/लिनक्स/सिसकॉल्स.एच मध्ये प्रोटोटाइप, कर्नल फोल्डरात हजेरी.सी, आणि तिथल्याच मेकफाइलमध्ये ओबीजे-वाय पुढे हजेरी.ओ. संपलं.

लालबागवाल्यानं घरी नेटवरच्या एका पानावरून आधीच प्रयत्न करून पाहिला होता. त्याला लिंकरनं (कोडचे तुकडे जोडणाऱ्या साधनानं) ‘अनडिफाइन्ड रेफरन्स’ म्हणून परतवलं, आणि हरवलेलं नाव होतं ‘__एक्स६४_सिस_हजेरी’. त्यानं लिहिलेलं फंक्शन ‘सिस_हजेरी’. तो म्हणे, “सर, मी हे नाव कुठेच लिहिलं नाही, मग मागतंय कोण?” उत्तर असं की २०१८ च्या ४.१७ पासून एक्स८६ वर सिस्टिम कॉलच्या फंक्शनला सुटी आर्ग्युमेंट मिळत नाहीत. सगळी रजिस्टर (प्रोसेसरमधले छोटे कप्पे) जिथे साठवलीत त्या पीटी_रेग्ज स्ट्रक्टचा एकच पॉइंटर मिळतो, आणि त्यातून हवं तेवढंच उचलणारं वेष्टन सिसकॉल_डिफाइन हा मॅक्रो तयार करतो. ते लांब नाव त्या वेष्टनाचं. आधी होतं काय, तर युजरनं (कर्नलबाहेरच्या प्रोग्रॅमनं) रजिस्टरमध्ये भरलेला कचरा, कॉलला लागो न लागो, कर्नलमध्ये खोलवर वाहून जायचा. तेव्हा ‘असमलिंकेज लाँग’ लिहून हातानं फंक्शन करा असं सांगणारं कुठलंही पान दिसलं की तारीख बघायची आणि पुढे जायचं.

तसंच मॉड्यूल (चालू कर्नलला जोडता येणारा तुकडा) लोड करून टेबलात हात घालण्याचे धडे. ते टेबल मॉड्यूलना मिळणं कधीच बंद झालं, आणि ६.९ पासून एक्स८६-६४ वर कर्नल कॉल करताना टेबलातून उडी मारतच नाही, मोठ्या स्विचमधून जातो. स्पेक्टर या प्रोसेसरमधल्या सुरक्षा-दोषाच्या नव्या प्रकारांवरचा तो उतारा. म्हणजे टेबल बदललंत तरी हाती काही लागत नाही.

२६ जुलै, शनिवार

२६ जुलै म्हटलं की मुंबईत कोणीतरी २००५ काढतंच. आज लॅबमध्ये ते काम शिपाईकाकांनी केलं, त्यात अर्धा तास गेला.

मग आर्ग्युमेंट ठरवली. मुलांनी दोन मांडली होती, पीआयडी आणि उत्तर जिथे भरायचं त्या स्ट्रक्टचा (एकत्र बांधलेल्या आकड्यांचा) पॉइंटर. मी चार करायला लावली. तिसरं स्ट्रक्टचा आकार, चौथं फ्लॅग (पर्याय चालू-बंद करणारे बिट).

फ्लॅग आत्ता एकही नाही. मग कशाला? कारण उद्या लागला तर जुन्या कॉलमध्ये तो घुसवता येत नाही, नवा कॉल करावा लागतो. लिनक्समध्ये याची थडगी जागोजागी आहेत: डप२ नंतर डप३, ईपोल_क्रिएट नंतर ईपोल_क्रिएट१, रीनेमअ‍ॅट नंतर रीनेमअ‍ॅट२. कर्नलच्या स्वतःच्या दस्तऐवजात नवा कॉल घालण्यावर एक प्रकरण आहे, त्यातही हेच बजावलंय. आणि नुसता फ्लॅग ठेवून भागत नाही, ओळखीचा नसलेला बिट दिसला की ईइनव्हॅल (‘इनव्हॅलिड आर्ग्युमेंट’ ही एरर) द्यायचंच. आज दुर्लक्ष केलं तर कोणीतरी तिथे कचरा पाठवायची सवय लावून घेतो, आणि पुढे त्या बिटला अर्थ द्यायची सोय उरत नाही.

आकाराचं तसंच. आज स्ट्रक्टमध्ये चार आकडे आहेत, प्रत्येकी आठ बाइट, म्हणजे ३२. उद्या पाचवा आला तर जुना प्रोग्रॅम ३२ च सांगेल आणि कर्नल त्याच्या बफरच्या बाहेर लिहिणार नाही. क्लोन३ आणि ओपनअ‍ॅट२ असेच चालतात.

विरारवालीनं मध्येच विचारलं की प्रोसेसचं नावही देऊ या का, आणि एक ३२ बिटांचा आकडा. ‘देऊ’ म्हटलं आणि फळ्यावर स्ट्रक्ट काढायला लावलं. तिनं ३२ बिटांचा आकडा ६४ बिटांच्या दोन आकड्यांमध्ये ठेवला. मध्ये कंपायलर गुपचूप चार बाइटची फट सोडतो. ती फट कोणी पुसली नाही तर कर्नलच्या स्टॅकवर आधी जे काही पडलं होतं त्यातले चार बाइट युजरच्या हातात जातात. प्रत्येक कॉलला चार. असले गळके स्ट्रक्ट कर्नलमध्ये वर्षानुवर्षं सापडत आलेत. तिनं नाव आणि आकडा दोन्ही पुसले. चार यू६४ (६४ बिटांचे आकडे) वरच थांबलो. फट नाही, आणि ३२ बिटांच्या प्रोग्रॅमसाठी वेगळा सांधा करायचीही गरज नाही.

२ ऑगस्ट, शनिवार

कोड लिहून झाला. मुलांनीच लिहिला, मी मागे उभा.

पहिल्या खर्ड्यात क्रम असा: आरसीयू_रीड_लॉक (वाचत असताना टास्क नाहीसा होऊ नये म्हणून), फाइंड_टास्क_बाय_व्हीपिडनं टास्क शोधा, आकडे भरा, कॉपी_टू_यूजर (युजरच्या मेमरीत उतरवा), आरसीयू_रीड_अनलॉक. चालवला, आकडे बरोबर. पुन्हा चालवला, बरोबर. लालबागवाला खूश.

मी कॉन्फिगमध्ये डीबग_अ‍ॅटॉमिक_स्लीप चालू करून तोच कोड पुन्हा बिल्ड करायला सांगितला. पहिल्याच कॉलला कन्सोलवर ‘स्लीपिंग फंक्शन कॉल्ड फ्रॉम इनव्हॅलिड कॉन्टेक्स्ट’ आणि खाली लांबलचक स्टॅक. युजरचं पान मेमरीत नसेल तर कॉपी_टू_यूजर ते आणवतो, आणि आणेपर्यंत झोपू शकतो. आरसीयूच्या आत झोपणं मना आहे. आपला बफर नेहमी नुकताच वापरलेला, पान हजर, त्यामुळे चूक दिसत नव्हती. लोड असलेल्या मशीनवर केव्हातरी दिसली असती, आणि तेव्हा तिचा माग काढता काढता नाकी नऊ आले असते.

दुरुस्ती एका ओळीच्या जागेची. लॉकच्या आत आकडे स्वतःच्या लोकल स्ट्रक्टमध्ये उतरवून घ्यायचे, लॉक सोडायचं, मग युजरला द्यायचे. टास्क सापडला नाही तर ईएसआरसीएच (‘अशी प्रोसेस नाही’). पत्रकात हे कॉन्फिग सगळ्यांना सक्तीचं.

३ ऑगस्ट, रविवार

आज जीडीबी (प्रोग्रॅम मध्येच थांबवून तपासायचं साधन), माझा आवडता भाग. क्यूईएमयू ‘-एस’ देऊन सुरू केला, कर्नलला ‘नोकेएएसएलआर’ सांगितलं, म्हणजे पत्ते दर वेळी जागा बदलत नाहीत. __एक्स६४_सिस_हजेरीवर ब्रेकपॉइंट. थांबल्यावर पीटी_रेग्ज छापून घेतलं आणि मुलांना म्हटलं, वाचा.

डीआय रजिस्टरमध्ये पीआयडी, एसआयमध्ये बफरचा पत्ता, डीएक्समध्ये ३२. इथवर सी शिकलेल्याला ओळखीचं. चौथं आर्ग्युमेंट सीएक्समध्ये असायला हवं, तिथे भलताच आकडा होता. फ्लॅग सापडला आर१० मध्ये. विरारवालीनं सीएक्समधला आकडा आयपीशी (प्रोग्रॅम जिथून पुढे चालायचा त्या पत्त्याशी) जुळवून पाहिला: दोन्ही एकच. तिथेच तिला उलगडलं. ‘सिसकॉल’ ही सूचना परतीचा पत्ता आरसीएक्समध्येच ठेवते आणि जुने फ्लॅग आर११ मध्ये. तिथे जे होतं ते गेलंच. म्हणून चौथं आर्ग्युमेंट आर१० मध्ये हलवावं लागतं, आणि ते काम लिबसीचं (सी लायब्ररीचं) सिसकॉल फंक्शन मुकाट्यानं करतं.

अजून दोन आकडे. ऑरिग_एएक्समध्ये ४६३, म्हणजे आपण मागितलेला नंबर. आणि एएक्समध्ये १८४४६७४४०७३७०९५५१५७८. मुलं चक्रावली. तो उणे ३८ आहे, चिन्हाशिवाय छापलेला. ३८ म्हणजे ईनोसिस, ‘असा कॉल नाही’. कर्नल आत शिरताना उत्तराच्या जागी आधीच नकार लिहून ठेवतो. खरा कॉल सापडला तर तो पुसला जातो, नाही सापडला तर तोच बाहेर जातो. हे मी वर्गात फळ्यावर कितीदा सांगितलंय, पण आकडा डोळ्यांनी बघितल्यावर जे तोंड होतं ते तेव्हा कधी झालं नाही.

९ ऑगस्ट, शनिवार

राखीपौर्णिमा, दोघंही अर्धा दिवस.

मुद्दाम चुकीचा कोड: कॉपी_टू_यूजर काढून युजरच्या पॉइंटरमध्ये थेट लिहायचं. लॅबमधली बरीच मशीन चौथ्या पिढीच्या आय५ ची. त्यांवर केव्हीएम (क्यूईएमयूला खरा प्रोसेसर थेट वापरू देणारी सोय) लावून चालवलं तर हा कोड बिनबोभाट चालतो. विरारवालीच्या लॅपटॉपवर तोच कर्नल ऊप्स (कर्नलची गंभीर एरर) होऊन पडला. कारण स्मॅप. कर्नलनं युजरच्या पानाला थेट हात लावला की प्रोसेसरच अडवतो, आणि ही सोय इंटेलमध्ये पाचव्या पिढीपासून, ब्रॉडवेलपासून आली. जुन्या मशीनवर ‘चाललं’ म्हणजे बरोबर आहे असं नव्हे, ते दाखवायला यापेक्षा बरा नमुना मिळणार नाही. लॅबमध्ये सगळीकडे एकच दिसावं म्हणून केव्हीएम बंद आणि ‘सीपीयू मॅक्स’. हळू चालतं, पण स्मॅप असतो.

स्पार्सही लावलं. लिनस टोरवाल्ड्सनं २००३ मध्ये लिहिलेलं हे तपासणीचं साधन पॉइंटरवरचा ‘__यूजर’ हा शिक्का वाचतं आणि थेट लिहिणाऱ्या ओळीवर बोट ठेवतं. कोड चालवायचीही गरज पडत नाही. मेकला ‘सी=१’ एवढंच जास्त.

१६ ऑगस्ट, शनिवार

दहीहंडी. कोणी आलं नाही, मीही नाही.

१९ ऑगस्ट, मंगळवार

काल आणि आज रेड अलर्ट, शाळा-कॉलेजांना महापालिकेनं सुट्टी दिली. चेंबूरला मोनोरेल माणसांसकट अडकली, घरात संध्याकाळपासून टीव्हीवर तेच. मी आतल्या खोलीत चाचण्या उरकल्या.

आकडे प्रॉकशी ताडून पाहिले. पीआयडी/स्टेटसमधले दोन्ही कॉन्टेक्स्ट स्विचचे आकडे जुळतात. फॉल्टचे आकडे साध्या प्रोग्रॅमला जुळतात, ब्राउझरला अजिबात नाही. आपला कॉल एका टास्कचा, म्हणजे एकाच थ्रेडचा (प्रोसेसमधल्या एका धाग्याचा) हिशेब देतो. पीआयडी/स्टॅट फाइल फॉल्टच्या बाबतीत सगळ्या थ्रेडची बेरीज करते. दोन्ही खरे, फक्त प्रश्न वेगळा. मॅन्युअल पानात ‘प्रोसेस’ऐवजी ‘थ्रेड’ लिहायचं.

एसट्रेसला (प्रोग्रॅमचे सिस्टिम कॉल टिपणाऱ्या साधनाला) हा कॉल माहीत नसल्यानं तो ‘सिसकॉल_०एक्स१सीएफ’ असा दाखवतो. ०एक्स१सीएफ म्हणजे ४६३.

परवानगीचा प्रश्न राहिला होता. स्विचचे आकडे प्रॉकमध्ये कोणालाही वाचता येतात, मग आपण तरी कशाला अडवायचं, असं मुलांचं म्हणणं होतं. पण २०१२ पासून प्रॉकला ‘हाइडपिड’ लावता येतं, मग दुसऱ्याच्या प्रोसेस दिसतच नाहीत. आपला कॉल प्रॉकला वळसा घालून जातो, म्हणजे तो पडदा बाजूलाच. आणि नुसत्या आकड्यांनी काय बिघडतं, याचं उत्तर सीव्हीई-२०११-२४९५ या नोंदवलेल्या सुरक्षा-त्रुटीत आहे. प्रॉकमधली ‘आयओ’ फाइल सगळ्यांना उघडी होती, त्यातले बाइटचे आकडे सतत बघत राहून दुसऱ्याच्या पासवर्डची लांबी काढता येत होती. त्यानंतर ती फाइल बंद केली. म्हणून आपल्याकडेही पीट्रेस_मे_अ‍ॅक्सेसची वाचण्यापुरती तपासणी (त्या प्रोसेसमध्ये डोकावायची परवानगी आहे का), नाही जमलं तर ईपर्म (‘परवानगी नाही’).

वेगही मोजला. प्रॉकच्या वाटेनं उघडणं, वाचणं, मिटणं असे तीन कॉल आणि वर मजकूर बनवणं. आपला एकच. फरक कित्येक पटींचा आहे. तरीही मी हा कॉल मुख्य लिनक्समध्ये कधी घेतला नसता. हे आकडे सेकंदाला लाखदा कोणाला लागत नाहीत, आणि ज्याला लागतात तो बीपीएफ (चालू कर्नलमध्ये छोटे प्रोग्रॅम घालायची सोय) वापरतो. मुलांना हे सांगायचं का, यावर जरा विचार केला. सांगायचं.

२३ ऑगस्ट, शनिवार

आज ४६३ चा दिवस.

२७ जुलैला कर्नल ६.१६ आला. आपले बदल त्यावर चढवायला सांगितले. बाकी सगळं बसलं, टेबलाच्या फाइलवर पॅच अडला. ४६३ वर सेटएक्सअ‍ॅट्रअ‍ॅट हा कॉल बसलेला. ६.१३ पासूनच, आणि ४६६ पर्यंत त्याची भावंडं. ४६७ ही गेलेला. लालबागवाला म्हणाला, मग ४६८ घेऊ. त्याला ६.१७ चा पहिला आरसी (चाचणीसाठीची आवृत्ती) उघडायला लावला, १० ऑगस्टचा. त्यात ४६८ आणि ४६९ दोन्ही भरलेले.

मग खरी गंमत. जुन्या कर्नलसाठी बनवलेला चाचणीचा प्रोग्रॅम, त्यात ४६३ कोरलेला, तो नव्या कर्नलवर तसाच चालवला. मुलांना ‘असा कॉल नाही’ अपेक्षित होतं. आलं ‘इनव्हॅलिड आर्ग्युमेंट’. आपल्या कॉलमध्ये चुकीच्या फ्लॅगलाही आपण हेच देतो! विरारवाली बराच वेळ फ्लॅगच तपासत बसली, मी बोललो नाही. प्रत्यक्षात कर्नलनं आपल्या पीआयडीला फोल्डरचा डिस्क्रिप्टर (उघडलेल्या फोल्डरचा क्रमांक) समजलं होतं, बफरला फाइलचं नाव, आणि आपण न पाठवलेल्या दोन आर्ग्युमेंटच्या जागी रजिस्टरमध्ये जे पडलं होतं ते उचललं. नशिबानं तिथेच अडलं.

कर्नलवाले एकदा दिलेला नंबर परत घेत नाहीत तो याचसाठी. १५६ वर सिसकंट्रोलचा कॉल होता. ५.५ मध्ये तो काढून टाकला, पण टेबलात ती ओळ अजून आहे, ईनोसिस देणाऱ्या फंक्शनला जोडलेली. तो नंबर दुसऱ्या कोणाला मिळणार नाही. आणि आपल्यासारखे घरगुती नंबर घेणाऱ्यांची जबाबदारी कोणावरच नाही.

आता ५४८. एक्स३२ च्या पट्ट्याच्या लगेच पुढचा. मधल्या रिकाम्या जागा बिल्ड करतानाच ईनोसिसनं भरल्या जातात. तिथे पोचायला मुख्य कर्नलला बरीच वर्षं लागतील. “सर, हे आधीच घ्यायचं ना.” हो, आणि मग तुम्ही ही चूक कधी पाहिली असती?

३० ऑगस्ट, शनिवार

लालबागवाला मंडळात, अनंत चतुर्दशीपर्यंत तो आपला नाही.

दोन मुलांकडे एम मालिकेचे मॅक आहेत, त्यांच्यासाठी एआरएम६४ वर बिल्ड करून पाहिला. तिथे टेबल स्क्रिप्ट्स फोल्डरातल्या सिसकॉल.टीबीएलमध्ये, ६.११ पासून. नंबर एक्स८ मध्ये, आर्ग्युमेंट एक्स० पासून ओळीनं, आर१० सारखी भानगड नाही. सी कोडला हात लावावा लागला नाही.

९ सप्टेंबर, मंगळवार

पहिली बॅच. काल ईदची सुट्टी होती, त्यामुळे निम्मी मुलं पत्रक न वाचताच आली.

सगळ्यांचा कर्नल उठला. आकडे दिसले की मुलं हात वर करतात आणि बॅग आवरायला लागतात. थांबवून चाचण्या दिल्या: नल पॉइंटर, फक्त वाचता येणारं पान, मेलेल्या प्रोसेसचा पीआयडी, आकार शून्य, फ्लॅगमध्ये एक बिट. आकार शून्यावर बहुतेकांचा कॉल ‘यशस्वी’ झाला, कारण शून्य बाइटची कॉपी कधी फसत नाही. एकीनं आकार चार हजार दिला आणि लोकल स्ट्रक्टच्या पलीकडचं वाचायला गेली. कर्नलच्या हार्डन्ड यूजरकॉपीनं (कॉपीच्या सीमा तपासणाऱ्या सोयीनं) तिला वाटेतच उचललं. हे मी पत्रकात घातलंच नव्हतं, तिचं तिनं काढलं. पुढच्या बॅचला घालतो.

मागच्या बाकावरच्या एकानं विचारलं, “सर, प्रॉकमध्ये हे सगळं मिळतं ना, मग हा कॉल कशाला?” म्हटलं, जर्नलच्या शेवटच्या पानावर याचंच उत्तर लिही. ‘नको’ लिहिलंस आणि कारण दिलंस तर पूर्ण मार्क.

पत्रकात बदल: कॉल चालल्याचे मार्क दहातले तीन, बाकी सात पाच चुकीच्या इनपुटना आणि शेवटच्या प्रश्नाला मिळून. आकाराची वरची मर्यादा तपासायला सांगणारी ओळ. कंट्रोल-ए एक्स आणखी मोठ्या अक्षरात. उद्या सकाळी झेरॉक्सला द्यायचं, दुसरी बॅच गुरुवारी.